टॅगच्या सोडतीचा खर्च: पश्चिम अमेरिकेतील पॉइंट पद्धतीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत एल्क, मूस (दोन्ही हरणांच्या मोठ्या जाती) किंवा बिगहॉर्न या रानमेंढ्याच्या टॅगसाठी, म्हणजे तो एक प्राणी मारण्याच्या परवान्यासाठी, दरवर्षी सोडतीत पैसे घालणे परवडते का, हा प्रश्न परराज्यातून अर्ज करणाऱ्या शिकाऱ्यांना आज पूर्वीपेक्षा अधिक भेडसावतो. ॲरिझोनात परराज्यातील अर्जदाराला सोडतीत उतरण्यासाठीच 160 डॉलरचा सर्वसाधारण शिकार परवाना घ्यावा लागतो, नेवाडात तोच परवाना 155 डॉलरचा आहे, आणि अर्जाचे शुल्क त्याहून वेगळे असते. आपल्याकडे घरांच्या सोडतीत नाव लागले नाही तर अनामत रक्कम तरी परत मिळते. येथे मात्र टॅगची किंमत वाचते, पण परवान्यावर आणि पॉइंटवर (टॅग न लागता गेलेल्या वर्षाबद्दल मिळणारा किंवा विकत घेतलेला, पुढच्या सोडतींत उपयोगी पडणारा गुण) झालेला खर्च गेला तो गेलाच.

ही व्यवस्था टंचाईतून उभी राहिली. एकोणिसाव्या शतकातील व्यापारी शिकारीने एल्क आणि मेंढ्यांचे कळप जवळजवळ संपवले. त्यानंतर कडक हंगाम आणि मर्यादित परवाने आले, आणि 1937 च्या केंद्रीय कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे वळवला. त्याचे वाटप राज्याचे क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या पाहून होते, त्यामुळे अधिक शिकारी नोंदवणे हे विभागांच्या हिताचेच ठरले. एल्क पुष्कळ ठिकाणी सावरले, परंतु बिगहॉर्न मेंढ्यांचे कळप लहानच राहिले आणि त्यांच्यासाठी सोडतीवाचून मार्ग उरला नाही.

वारंवार अपयशी ठरणाऱ्या अर्जदाराला दिलासा मिळावा म्हणून पॉइंट आले. नेवाडासारख्या राज्यांत बोनस पॉइंटच्या संख्येला तिनेच गुणून, म्हणजे तिचा वर्ग करून, अर्जदाराच्या संधी वाढवल्या जातात, तरी नवख्यालाही थोडी आशा राहते. कोलोरॅडोने एल्क आणि हरणांसाठी प्रेफरन्स पॉइंटचा, म्हणजे निव्वळ ज्येष्ठतेचा मार्ग धरला: ज्याचे पॉइंट सर्वाधिक, त्याला टॅग आधी. ही रीत वरवर न्याय्य वाटते, पण तिचे गणित निष्ठुर आहे. समजा, एखाद्या क्षेत्रात वर्षाला चार टॅग निघतात आणि पुढे चारशे माणसे उभी आहेत, तर मधले कोणी गळाले नाही तर आज रांगेत शिरणाऱ्याचा क्रमांक शंभर वर्षांनी येईल. नामांकित क्षेत्रांसाठी लागणारे पॉइंट दरवर्षी वर सरकत जातात ते याच कारणाने.

या सगळ्या इतिहासात वायोमिंगने 2022 मध्ये घेतलेला निर्णय सर्वाधिक वादग्रस्त ठरला. तेथे मूस आणि बिगहॉर्न मेंढ्यासाठी 1990 च्या दशकापासून प्रेफरन्स पॉइंट होते. परराज्यातील अर्जदारांसाठी मेंढ्यांचे 25 टक्के आणि मूसचे 20 टक्के परवाने राखलेले असत, आणि त्यांपैकी बहुतांश जुन्या पॉइंटधारकांना मिळत. या राखीव वाट्याच्या भरवशावर हजारो लोकांनी वर्षानुवर्षे पॉइंट विकत घेतले. 2022 च्या कायद्याने हा वाटा थेट 10 टक्क्यांवर आणला आणि तो 2023 च्या हंगामापासून लागू झाला. त्याचा परिणाम लहान क्षेत्रांत विशेष जाणवतो, कारण आठ परवान्यांचे 25 टक्के म्हणजे दोन, तर 10 टक्के म्हणजे एकही पूर्ण परवाना नाही.

निर्णयाच्या समर्थकांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नव्हते. शेजारच्या अनेक राज्यांत परराज्यातील वाटा आधीपासून 10 टक्क्यांच्या आसपास होता, आणि वायोमिंगच्या रहिवाशांनाही मेंढ्याच्या टॅगसाठी दशकानुदशके थांबावे लागते. तरीही ज्यांच्याकडून वीस-पंचवीस वर्षे शुल्क घेतले, त्यांच्यासाठी बदल टप्प्याटप्प्याने करायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. आजच्या 150 डॉलरच्या दराने मेंढ्याचे वीस वर्षांचे पॉइंट 3,000 डॉलरला पडतात, आणि टॅग लागलाच तर त्याचे आणखी 3,000 डॉलर वेगळे द्यावे लागतात. शिवाय केंद्राच्या ताब्यातील घोषित निबिड वनक्षेत्रात परराज्यातील शिकाऱ्याला वाटाड्या सोबत घेण्याची सक्ती आहे, आणि वाटाड्याचा खर्च टॅगपेक्षा कितीतरी मोठा असतो.

कायद्याच्या बाजूने मात्र पॉइंटधारकांच्या हाती फारसे काही नव्हते. मोंटानात 1976 मध्ये रहिवाशाला एल्कचा परवाना 9 डॉलरला मिळत असताना परराज्यातील शिकाऱ्याला 225 डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. त्या तफावतीविरुद्धचा दावा 1978 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. दुसऱ्या राज्यात जाऊन केलेली एल्कची शिकार हा छंद आहे, मूलभूत हक्क नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे ॲरिझोनाची 10 टक्क्यांची मर्यादा न्यायालयात अडचणीत आली, तेव्हा 2005 मध्ये केंद्रीय कायदेमंडळानेच रहिवासी आणि परराज्यातील शिकारी यांच्यात भेद करण्याचा राज्यांचा अधिकार कायद्याने पक्का केला. शिकारीची जमीन बऱ्याच ठिकाणी केंद्राची, म्हणजे सर्व नागरिकांची असली, तरी तिच्यावरील प्राण्यांची वाटणी राज्यच ठरवते. पॉइंट विकत घेणाऱ्याच्या पदरात म्हणूनच कोणताही करार पडत नाही, केवळ त्या वर्षीच्या नियमांनुसार मिळालेले स्थान पडते.

त्यानंतरच्या बदलांनी हेच अधोरेखित केले. कोलोरॅडोने 2018 मध्ये टॅगची पूर्ण रक्कम आगाऊ भरण्याची अट काढली, आणि मूस व मेंढ्यांसाठीच्या अर्जांची संख्या एकदम फुगली. पूर्वी थेट खरेदी करता येणारा धनुर्धारी एल्क शिकारीचा परवाना परराज्यातील लोकांसाठी 2025 पासून राज्याच्या पश्चिम भागात सोडतीत गेला. 2028 पासून निव्वळ ज्येष्ठताक्रम सोडून काही परवाने कमी पॉइंट असलेल्यांसाठीही खुले करण्याचे तेथे ठरले आहे, म्हणजे जुन्या पॉइंटचे मोल पुन्हा बदलणार आहे. वायोमिंगने 2024 पासून परराज्यातील शिकाऱ्यांसाठी एल्कच्या विशेष सोडतीचा, म्हणजे जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी असलेल्या वेगळ्या सोडतीचा, परवाना 1,268 वरून 1,950 डॉलरवर नेला, तर साधा परवाना 692 डॉलरवरच ठेवला.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने मेंढ्याच्या ज्येष्ठताक्रमात पैसे घालणे मला योग्य वाटत नाही. ज्या क्षेत्रांत थोड्या पॉइंटवर एल्क किंवा प्राँगहॉर्न या हरणासारख्या प्राण्याचा टॅग लागतो, तेथे हा खर्च सार्थकी लागू शकतो. न्यू मेक्सिकोत तर पॉइंटच नाहीत, त्यामुळे नवखा आणि जुना अर्जदार एकाच पातळीवर असतात. मात्र 84 टक्के परवाने रहिवाशांना आणि 10 टक्के वाटाड्यासोबत येणाऱ्यांना गेल्यावर परराज्यातून स्वतंत्रपणे येणाऱ्यासाठी 6 टक्केच उरतात.