आकडी सुरू कुठून होते?

वडोदऱ्यातल्या मराठी घरांत या आजाराची नावं तीन. आजी 'फेफरं' म्हणते, शेजारचे गुजराती 'वाई' म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर 'एपिलेप्सी' असतं. नाव कुठलंही घ्या, झटका आला की घरात पहिली धाव कांद्याकडे, नाहीतर चपलेकडे. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय कांद्याला जातं! मेंदूविकारतज्ज्ञ मात्र भलतंच विचारत बसतो. आधी काय हललं, अंगठा की ओठ? मान कुठल्या बाजूला वळली? शुद्ध केव्हा गेली? कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला का?

या चौकशीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

नोंद त्याहून कितीतरी जुनी आहे. चरकसंहितेत अपस्माराला, म्हणजे याच फेफऱ्याला, 'आवस्थिक तमःप्रवेश' म्हटलं आहे, म्हणजे अधूनमधून अंधारात शिरणं. साधारण इ. स. पूर्व ४०० च्या सुमाराचा हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतला ग्रंथ सांगतो की या रोगात दैवी काही नाही, मूळ मेंदूत आहे. पण मेंदूत म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. लंडनचे डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी रुग्णांचे झटके बारकाईने पाहिले आणि नातेवाइकांकडून त्यांची वर्णनं गोळा केली. काहींचा झटका अंगठ्यातून सुरू होऊन हात, खांदा, चेहरा असा ठरलेल्या वाटेने चढे. मेंदूच्या पृष्ठभागावर या अवयवांच्या जागा शेजारी शेजारी असणार, आणि एका जागी पेटलेलं लोण तिथून पसरत असणार, असा तर्क त्यांनी केला. १८७३ मध्ये त्यांनी अपस्माराची व्याख्या केली ती अशी: मेंदूच्या करड्या भागातला अधूनमधून, अचानक, अतिरेकी होणारा विसर्ग. चरकाचं 'आवस्थिक' इथे पुन्हा भेटतं. हे सारं केवळ डोळ्यांनी पाहून, यंत्राशिवाय.

त्याच तर्काच्या भरवशावर २५ मे १८८६ रोजी शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली यांनी लंडनमध्ये २२ वर्षांच्या तरुणाची कवटी उघडली. लहानपणी डोक्याला मार लागून मेंदूवर व्रण राहिला होता, तो त्यांनी कापून काढला. जागा बाहेरच्या जखमेनेही दाखवली होती. जिथे अशी खूणच नाही, तिथे काय करायचं?

उत्तर आलं एका विचित्र वाटेने. जर्मनीतल्या येना गावचे मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडून मरता मरता वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीच्या मनात पाल चुकचुकली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांची तार आली. विचार मनातून मनात जातात, त्यामागे काही ऊर्जा असणार, हे वेड बर्गर यांनी आयुष्यभर सोडलं नाही. ती ऊर्जा काही सापडली नाही. पण १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद त्यांना मिळाली. निबंध छापायला त्यांनी आणखी पाच वर्षं घेतली, आणि लोकांनी तो खरा मानायला आणखी पाच. हाच आपला ईईजी. १९३५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी, मूल क्षणभर शून्यात बघतं त्या प्रकारच्या झटक्यात सेकंदाला तीन वेळा उठणारी ठरावीक लाट दाखवली.

माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि हर्बर्ट जॅस्पर यांनी ईईजी थेट शस्त्रक्रियागृहात नेला. रुग्ण जागा, फक्त जागेपुरती भूल. मेंदूला सौम्य वीज टोचत विचारायचं, काय वाटतंय? बोलणं अडखळलं की ती जागा वाचवायची. सगळेच इतके सावध नव्हते. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या रुग्णाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे आठवणी साठवायला लागणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा हिस्सा काढला. झटके कमी झाले, पण नवी आठवण धरून ठेवणं कायमचं गेलं. २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला भेटलेला माणूस दरवेळी नवाच. शस्त्रक्रियेआधी स्मरणशक्तीची कसून तपासणी करतात, त्यामागे ही किंमत आहे.

भारतात हे लवकर पोचलं. पेनफिल्ड यांच्याकडे शिकलेले जेकब चांडी १९४९ मध्ये वेल्लोरला आले आणि त्यांनी देशातला पहिला मेंदू शल्यचिकित्सा विभाग उघडला. (वडोदऱ्याचं मेडिकल कॉलेजही त्याच वर्षीचं.) १९५२ मध्ये त्यांनी अपस्मारावर पहिली शस्त्रक्रिया केली. मग हा विषय बराच काळ मागे पडला. एमआरआय आणि व्हिडिओ-ईईजी हाताशी आल्यावर, १९९५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने ही शस्त्रक्रिया नियमित सुरू केली.

व्हिडिओ-ईईजी म्हणजे जॅक्सन यांचे डोळे आणि बर्गर यांचं यंत्र एका खोलीत. रुग्णाला काही दिवस दाखल करतात, बऱ्याचदा गोळ्या कमी करून झटका येऊ देतात. कॅमेरा आणि लाटा एकाच घड्याळावर चालतात. दोन योग्य औषधं नीट घेऊनही झटके थांबत नसतील, तर ही तपासणी करावी, असा संकेत आहे. २००१ मध्ये कॅनडातल्या ८० रुग्णांच्या चाचणीत टेम्पोरल लोबच्या (कानशिलाच्या आतल्या मेंदूच्या भागाच्या) शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांपैकी ५८ टक्के लोक वर्षभरानंतर शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. नुसत्या गोळ्यांवर ८ टक्के. तरीही रुग्ण इथवर पोचतो तो बहुधा अनेक वर्षं गोळ्या बदलत राहून.

आपल्याकडे या उशिराला लग्नाचंही कारण आहे. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारं फेफरं हा विवाहाला अडथळा मानला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला. कायद्यातून गेला, बैठकीच्या खोलीतून नाही. म्हणून मुलीला घेऊन आलेले काका डॉक्टरांना सांगतात, 'चक्कर आली होती, उपास होता.' आणि अंगठा आधी हलताना पाहिलेली मोलकरीण घरीच राहिलेली असते.