फ्रेंचांचा ‘र’: जिभेचं टोक की पडजीभ?

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 1670 सालच्या ‘ल बुर्झ्वा जांतियोम’ या नाटकात एक शिक्षक श्रीमंत झुर्दँला अक्षरं कशी उच्चारायची ते शिकवतो. ‘र’बद्दल तो सांगतो, की जिभेचं टोक टाळूपर्यंत न्यायचं; जोरात बाहेर पडणारी हवा त्याला ढकलते, ते पुन्हा जागेवर येतं आणि थरथरतं. हे वर्णन आपल्या खणखणीत ‘र’लाही चपखल बसतं. आजच्या पॅरिसमधला ‘र’ मात्र जिभेच्या टोकाशी काही संबंधच ठेवत नाही.

थरथरणारा ‘र’ स्नायूंनी हलवायचा नसतो. टोक योग्य तेवढं सैल आणि योग्य तेवढं ताठ धरलं, की हवाच त्याला सेकंदाला साधारण 25 ते 30 वेळा हलवते. हा ताण नेमका साधावा लागतो, म्हणून अनेक भाषांत मुलांना हा वर्ण उशिरा जमतो. पॅरिसचा ‘र’ घशाजवळ तयार होतो. जिभेचं टोक खालच्या दातांमागे स्वस्थ पडून असतं, मागचा भाग पडजिभेकडे उचलला जातो आणि मधल्या अरुंद फटीतून हवा घासत जाते. करून पाहायचं असेल, तर ‘ग’ म्हणायला जा, पण जीभ आणखी थोडी मागे घ्या आणि हवा पूर्ण अडवू नका. ‘त्र्वा’ (तीन) म्हणताना शेजारच्या ‘त’मुळे हा ‘र’ अघोष (स्वरतंतूंच्या कंपनाविना) होतो आणि आपल्या कानाला ‘ख’सारखा लागतो, ‘पारी’ (पॅरिस) म्हणताना तो इतका मऊ होतो, की जवळजवळ स्वरच वाटावा.

हा बदल पॅरिसमधून पसरला आणि खेड्यांपर्यंत पोचायला त्याला फार वेळ लागला. बर्गंडीत आणि दक्षिणेत ऑक्सितान भाषेच्या पट्ट्यात जुन्या पिढीच्या तोंडी टोकाचा ‘र’ विसाव्या शतकातही घट्ट होता. बर्गंडीत 1873 साली जन्मलेली लेखिका कोलेत आयुष्याचा मोठा काळ पॅरिसमध्ये राहिली, तिथल्या साहित्यविश्वात सर्वोच्च मान मिळवला, पण गावाकडचा ‘र’ तिने सोडला नाही. तिच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रणांत तो आजही स्पष्ट ऐकू येतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

फ्रेंच ‘र’ची सर्वांत रंजक गोष्ट मात्र कॅनडात घडली. क्युबेक शहरात पडजिभेचा ‘र’ आणि मॉन्ट्रियलमध्ये टोकाचा, अशी विभागणी होती. 1960च्या आसपास शिक्षण पसरलं, समाज झपाट्याने बदलला आणि मॉन्ट्रियलची तरुण मंडळी पडजिभेकडे वळली. भाषाशास्त्रज्ञ जिलियन सँकॉफ आणि हेलेन ब्लोंदो यांनी तिथल्या 32 जणांची 1971 आणि 1984 मधली ध्वनिमुद्रणं ताडून पाहिली आणि 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांचा ‘र’ तेरा वर्षांत होता तसाच राहिला होता. पण काही जणांनी मोठेपणी तो बदलला होता! उच्चार तरुणपणीच पक्का होतो, या समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला.

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यातल्या फ्रेंचभाषक केजन लोकांनी टोकाचा ‘र’ जपला. पश्चिम आफ्रिकेत माली, सेनेगलसारख्या देशांत तो घरच्या भाषांमधून फ्रेंचमध्ये आला. हैतीच्या क्रेओलमध्ये (फ्रेंचमधून घडलेल्या तिथल्या भाषेत) तर ‘र’ जागोजागी विरघळला आहे: फ्रेंच ‘रूझ’ (लाल) तिथे ‘वूझ’ होतो आणि ‘पोर्त’ (दार) नुसता ‘पॉत’.

एवढी मोकळीक एका वर्णाला कशी काय मिळते? मराठीत ‘वेळ’ऐवजी ‘वेल’ म्हटलं तर अर्थच बदलतो. फ्रेंचमध्ये ‘र’ टोकाने म्हणा की पडजिभेने, एकाही शब्दाचा अर्थ बदलत नाही. अर्थाच्या जबाबदारीतून सुटलेला असा उच्चार मग बोलणाऱ्याचं गाव, वर्ग, वय सांगू लागतो.

याचा उत्तम दाखला मोरोक्को आणि अल्जीरियात मिळतो. अरबीत ‘र’ आणि घशातला ‘ग़’ हे दोन वेगळे वर्ण आहेत, त्यांनी शब्दांचे अर्थ बदलतात. फ्रेंचांना त्यांतला दुसरा वर्ण आपल्या ‘र’सारखा ऐकू आला, म्हणून हल्ल्यासाठीचा तिथला ‘ग़ाझिया’ हा शब्द फ्रेंचमध्ये ‘राझ्झिया’ झाला. म्हणजे तिथल्या माणसाला फ्रेंच बोलताना दोन्ही ‘र’ सहज जमतात. तरीही तिथे पुरुषांचा कल टोकाच्या ‘र’कडे दिसतो आणि स्त्रियांचा पॅरिसच्या ‘र’कडे. टोकाचा ‘र’ तिथे मर्दानी मानला जातो, पडजिभेचा शहरी आणि नाजूक. त्यामुळे पॅरिसचा ‘र’ अस्खलित येत असूनही काही पुरुष आपल्या लोकांत बोलताना तो मुद्दाम टाळतात.