सिकलसेल, शाळकरी पोरं आणि मेंदूच्या अरुंद नसा

मेंदूच्या नसा अरुंद होणं म्हटलं की साठी ओलांडलेला, बीपी-शुगरवाला, तंबाखू मळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात मात्र हे दुखणं शाळकरी पोरालाही गाठू शकतं. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. हातपाय ठणकणं, डोळे पिवळे होणं, रक्त कमी होणं घरच्यांना ठाऊक असतं; मेंदूचं फारसं कुणी सांगत नाही.

ऑक्सिजन सोडला की या मुलांच्या लाल पेशी ताठ, विळ्याच्या आकाराच्या होतात. त्यांनी नसेचं आतलं अस्तर दुखावतं, जाड होत जातं. बहुतेकदा जागा ठरलेली: मानेतून वर आलेली कॅरोटिड धमनी कवटीत जिथे फाटे फोडते तिथे.

केळीला पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात सुटते. अरुंद नसेत रक्ताचंही तसंच होतं, आणि तो वेग बाहेरून मोजता येतो. कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथे जेल लावून डॉपलरचा, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या यंत्राचा, प्रोब टेकवायचा. सुई नाही, भूल नाही. पोर फक्त जागं आणि शांत हवं, झोपलेल्या किंवा रडणाऱ्या मुलाचं माप चुकतं. सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा जास्त भरला, तर लकव्याचा धोका मोठा.

मग नस उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, घालायचा का? नाही, इथे उपचार रक्तावर होतो. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अशी 130 मुलं होती. ज्यांना नियमित रक्त देऊन सिकल हिमोग्लोबिन (पेशी विळ्यासारख्या करणारं सदोष हिमोग्लोबिन) 30 टक्क्यांखाली ठेवलं, त्यांच्यात एकालाच लकवा झाला. उरलेल्यांत 11 वेळा. माझ्या मते एवढा स्वच्छ फरक वैद्यकशास्त्रात क्वचित दिसतो. पण सतत रक्त चढवलं की शरीरात लोह साचतं. म्हणून 2016 ची चाचणी महत्त्वाची: किमान वर्षभर रक्त दिल्यावर, नसा फार बिघडलेल्या नसतील, तर मुलाला रक्ताऐवजी हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणता येतं. नस जवळजवळ बंदच झाली, तर काही मुलांत टाळूच्या त्वचेची धमनी मेंदूच्या धमनीला जोडतात.

भारतीय रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं, ते पेशींना विळ्यासारखं होण्यापासून आवरतं, त्यामुळे लकवा आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा कमी दिसतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. हायड्रॉक्सियुरिया स्वस्त आहे, पण ते घेताना रक्तातल्या पेशी वरचेवर मोजाव्या लागतात, आणि धडगावच्या एखाद्या पाड्यावरून त्यासाठी आईची दिवसभराची मजुरी बुडते.