शालेय छापखाना आणि आंतरशालेय पत्रव्यवहार

मुलांनी लिहिलेला मजकूर मुलांनीच वर्गात खिळे (छपाईची सुटी अक्षरे) जुळवून छापायचा आणि दूरच्या एखाद्या शाळेतील वर्गाला टपालाने पाठवायचा, ही फ्रान्समध्ये १९२०च्या दशकात रुजलेली अध्यापनपद्धती. सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या प्राथमिक शिक्षकाच्या नावाने ती ओळखली जाते. संगणकाच्या जाळ्यावरून दोन गावांतले वर्ग जोडण्याचे जे प्रयोग पुढे झाले, त्यांतील काही उघडपणे हिच्यावरून घेतलेले आहेत.

शाळेत छापखाना आणणारे फ्रेने पहिले नव्हेत. पोल रोबँ या फ्रेंच शिक्षणतज्ज्ञाने १८८०नंतर सँपुई येथील अनाथालयात मुलांना छपाई शिकवली होती. फ्रेने यांनी भर घातली ती वाचकाची. मराठी शाळांमधले ‘हस्तलिखित’ आठवले तर फरक लगेच कळतो. सुबक अक्षर, रंगीत वेलबुट्टी आणि एकुलती एक प्रत; पाहुण्यांसमोर ठेवून झाली की ती कपाटात जाते. त्यातल्या निबंधाला उत्तर येत नाही. फ्रेने यांच्या वर्गात छापलेल्या पानाला उत्तर येत असे, आणि ते ठराविक मुलांकडून, नावानिशी येत असे.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, फ्रेने यांच्या फुप्फुसाला जबर जखम झाली. १९२० साली ते दक्षिण फ्रान्समधील बार-स्यूर-लू या डोंगरगावातल्या शाळेत रुजू झाले, तेव्हा दिवसभर मोठ्याने बोलून शिकवणे त्यांना झेपत नसे. आपल्या पद्धतीचे मूळ ते पुढे या अडचणीत दाखवत. हे कारण खरे असले तरी अपुरे वाटते. त्यांचे डावे राजकारण आणि सहकारी चळवळीतली ऊठबस यांचाही त्यात मोठा वाटा होता. १९२४ साली त्यांनी हाताने चालवायचे एक लहान छपाईयंत्र वर्गात आणले.

कामाची रीत अशी. मुलांनी मनात येईल ते, मनात येईल तेव्हा लिहायचे. ही लेखने वर्गात वाचली जात आणि कोणते छापायचे ते मुले मताने ठरवत. निवडलेला मजकूर फळ्यावर उतरवून लेखकाच्या देखत सगळा वर्ग तो दुरुस्त करी. व्याकरणाचा तास तिथेच होई. मग ओळी वाटून घेतल्या जात. अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी. शब्दांमधली कोरी जागासुद्धा वेगळा तुकडा बसवून भरायची. एका ओळीला एवढा खटाटोप लागतो म्हटल्यावर पाल्हाळ आपोआप गळते, आणि शुद्धलेखनाची चूक म्हणजे पुन्हा खिळा उपसणे आले. नंतर कोणी शाईचा रूळ फिरवी, कोणी कागद लावी, कोणी दाब देई. छापलेली पाने मुलांच्या घरी जात, साठवून त्यांची वही बांधली जाई आणि एक गठ्ठा टपालात पडे.

हा गठ्ठा १९२६ पासून जाऊ लागला तो देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातील त्रेगँक येथे रने दानियेल या शिक्षकाच्या वर्गाकडे. एकीकडे डोंगरउतारावरच्या कडू संत्र्यांच्या बागा, अत्तरासाठी वेचली जाणारी त्यांची फुले. दुसरीकडे समुद्र, होड्या, मासेमारी. आपल्याकडे रोज दिसणारी गोष्ट पलीकडच्यांना ठाऊकच नाही, हे कळले की मूल ती नीट पाहू लागते, मोजू लागते, घरच्यांना विचारू लागते. फुले कशी वेचतात हे शेजारच्या मुलाला सांगायची गरज नव्हती. कोळ्याच्या मुलाला सांगायची होती. पानांबरोबर पत्रे आणि गावच्या वस्तूंची पार्सलेही जात. सारख्या परिस्थितीतल्या दोन शाळा जोडल्या असत्या तर हे इतके साधले नसते, असे वाटते.

हळूहळू शिक्षकांचे जाळे विणले गेले. १९२७ साली तूर येथे त्यांचे पहिले अधिवेशन झाले, निरनिराळ्या शाळांतील निवडक लेखने एकत्र छापणारे मुलांचे नियतकालिक निघाले, आणि यंत्रे, खिळे, शाई पुरवणारी शिक्षकांची सहकारी संस्थाही उभी राहिली.

मुलांचे लिखाण वर्गाबाहेर गेले की ते नको त्या हातीही पडते. फ्रेने १९२८ साली सँ-पोल-द-व्हाँस येथे गेले. तिथे एका मुलाने आपल्याला पडलेले स्वप्न लिहिले होते. त्यात नगरप्रमुखाला मारल्याचे वर्णन होते. १९३२च्या अखेरीस विरोधकांनी हा मजकूर भित्तिपत्रकांवर छापून गावात लावला. प्रकरण देशभर गाजले, १९३३ साली फ्रेने यांची बदली झाली. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी एलिझ यांनी मग व्हाँस येथे स्वतःची शाळा उभारली.

स्पेनमधली किंमत याहून भारी होती. अंतोनी बेनाय्जेस हे कॅटालन शिक्षक १९३४ साली बुर्गोस प्रांतातील बान्युएलोस दे बुरेबा या लहानशा गावात आले आणि पदरमोड करून त्यांनी छपाईयंत्र घेतले. जानेवारी १९३६मध्ये त्यांच्या वर्गाने समुद्रावर एक पुस्तिका छापली. लिहिणाऱ्यांपैकी कोणीही समुद्र पाहिलेला नव्हता. एक मुलगी लिहिते की समुद्र फार मोठा, फार रुंद, फार खोल असेल. गुरुजी तिथे आंघोळीला नेणार म्हणतात, पण मी जाणार नाही, बुडेन अशी भीती वाटते. गुरुजींनी उन्हाळ्यात समुद्र दाखवायचे कबूल केले होते. जुलैमध्ये लष्करी बंड झाले आणि काही दिवसांतच त्यांची हत्या झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत अनेक देशांत गेली. इटलीत १९५१ साली शालेय छपाईसाठी शिक्षकांची सहकारी संस्था निघाली. तिच्यातले शिक्षक मारिओ लोदी १९६३ साली बार्बियाना या डोंगरगावात लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी चालवलेल्या शाळेला भेट देऊन आले, त्यानंतर दोन्हीकडच्या मुलांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सगळ्यांनी मिळून एकच पत्र लिहिण्याची बार्बियानाची रीत यातूनच आकाराला आली.

पद्धतीवर आक्षेपही आहेत. मतदानात लाडक्या मुलांचे लेखन पुढे जाते. ‘मुक्त’ म्हणवणारे लेखन फळ्यावर येईपर्यंत बरेच वेळा शिक्षकाचे होते. फ्रेने यांच्याच चळवळीतले शिक्षक फेर्नाँ उरी यांचे म्हणणे होते की खेड्यातल्या शाळेसाठी घडलेली ही रीत शहरातल्या बराकीसारख्या शाळांना जशीच्या तशी लागू पडत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते चळवळीपासून वेगळे झाले. खरी मेख मात्र साधी आहे: पलीकडचा शिक्षक उत्तराला आळस करू लागला की सगळे थंडावते. छपाई कितीही चांगली असली तरी मुले दोन-तीन पाठवण्यांपलीकडे वाट पाहत नाहीत.

१९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘दे ओरिया आ ओरिया’ या उपक्रमाने फ्रेने यांचा आधार सांगूनच संगणकीय निरोपांवर वर्गांच्या जोड्या लावल्या. प्वेर्तो रिको आणि अमेरिकेतील स्पॅनिशभाषक मुले त्यात मोठ्या संख्येने होती. आधी दोन शिक्षकांचे आपसात ठरे, मग मुले लिहू लागत. निरोप संगणकावरून जात. नकाशे, छायाचित्रे आणि ध्वनिफिती मात्र खोक्यात भरून टपालानेच पाठवल्या जात.