पाहिलेलं पान पुन्हा सापडण्यामागची गोष्ट

आपण उघडलेलं प्रत्येक पान ब्राउझर टिपून ठेवतो, हे आता पोराटोरांनाही ठाऊक आहे. ते पुसायचं कसं हे तर त्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं. पण ही नोंद, म्हणजे हिस्ट्री, काही पान पुन्हा शोधता यावं म्हणून सुरू झालेली नव्हती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेल्या मोझेक ब्राउझरमध्ये तिचा मुख्य उपयोग रंगासाठी होता: न पाहिलेली लिंक निळी, पाहिलेली जांभळी.

या रंगानेही पुढे घोळ घातला. लिंकचा रंग तपासून तुम्ही कुठल्या साइटवर जाऊन आलात हे तिऱ्हाईत साइटला कळू शकत होतं. २०१० मध्ये फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने त्यावर उपाय जाहीर केला. ब्राउझर तुम्हाला जांभळा रंग दाखवणार, पण साइटने विचारलं तर लिंक न पाहिलेलीच असल्याचं सांगणार. सरळ खोटं बोलणं हाच उपाय!

पान परत गाठायला लोक वापरत ते बॅक बटण. त्याची खोड अशी, की तुम्ही तीन पानं मागे आलात आणि तिथून वेगळ्या लिंकवर गेलात, तर ती तीन पानं बटणाच्या यादीतून गायब होतात. आपण पाहिलं तर होतं आणि मागे जाऊन मिळत नाही, असं होतं ते यामुळे.

कॅलगरी विद्यापीठातल्या लिंडा टॉशर आणि सॉल ग्रीनबर्ग यांनी २३ जणांच्या वापराच्या नोंदी तपासून १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. उघडलेल्या पानांपैकी ५८ टक्के पानं आधी पाहिलेलीच होती. म्हणजे निम्म्याहून जास्त फेरफटका जुन्याच गल्ल्यांत. तरीही हिस्ट्रीच्या यादीचा वापर एक टक्क्याहूनही कमी. मला यात लोकांचा आळस दिसत नाही, यादीच कुचकामी होती. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये मूळ सेटिंगनुसार वीस दिवसांच्या नोंदी राहत, आणि त्याही आज, आठवड्यातला वार, मागचा आठवडा अशा कप्प्यांत. आपल्याला पानातला मजकूर आठवतो, वार कुठे आठवतो?

खरा फरक पडला तो जून २००८ मध्ये, फायरफॉक्स ३ मुळे. सगळ्या नोंदी एका डेटाबेसमध्ये गेल्या आणि शोधायची जागा बदलली. ॲड्रेस बारमध्ये पत्त्याचा किंवा शीर्षकाचा मधलाच एखादा शब्द टाकला तरी पान हजर. कोणतं पान वर दाखवायचं, यासाठी गुणांची पद्धत होती: गेल्या चार दिवसांतल्या भेटीचं वजन १००, चौदा दिवसांपर्यंत ७०, महिनाभरापर्यंत ५०, नव्वद दिवसांपर्यंत ३० आणि त्याहून जुनीला १०. शिवाय लिंकवरून पोचलेल्या पानापेक्षा हाताने पत्ता टाइप करून उघडलेल्या पानाला कितीतरी जास्त मान. फक्त हिस्ट्रीतच शोधायचं तर फायरफॉक्समध्ये शब्दाबरोबर ^ हे चिन्ह टाकायचं. ही सोय फारशी कुणाला माहीत नसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या क्रोमने तर पत्ता आणि गूगलचा शोध एकाच चौकटीत आणला. मात्र क्रोम आपल्या नोंदी साधारण नव्वद दिवसच ठेवतो. दिवाळीत पाहिलेलं पान गणपतीत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

आणि हा शोध चालतो तो शीर्षकात आणि पत्त्यात, पानाच्या मजकुरात नाही. मराठी वाचकाला हे जास्त नडतं. आपल्याकडच्या बऱ्याच बातम्यांचे पत्ते रोमन लिपीत असतात, त्यामुळे देवनागरीतून शोधायचं तर भिस्त शीर्षकावरच. शीर्षकात ‘मान्सून’ असेल आणि तुम्ही ‘मॉन्सून’ टाइप केलंत, तर कालच वाचलेली बातमीसुद्धा निघत नाही. अशा वेळी फायरफॉक्समध्ये पूर्ण शब्दाऐवजी नुसतं ‘न्सून’ टाकून पाहावं, दोन्ही रूपं सापडतात.

मजकुरावरून शोध घ्यायची सोय गूगलने २०२४ मध्ये क्रोममध्ये जाहीर केली, पण आधी अमेरिकेतल्या वापरकर्त्यांसाठी. त्यात आपण साध्या भाषेत प्रश्न विचारायचा आणि पाहिलेल्या पानांतून ब्राउझरने उत्तर काढायचं. त्यासाठी पानांतला मजकूरही साठवावा लागतो, म्हणून ही सोय ज्याची त्याने स्वतः चालू करायची असते. इन्कॉग्निटोत, म्हणजे नोंद न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडलेली पानं त्यात धरली जात नाहीत.