शिबा इनू कॉइन 1 रुपयाला? आधी नोटांची चळत लावून बघू

एखाद्या क्रिप्टो कॉइनचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाचा, भाव कुठवर जाणार असं विचारलं की क्रिप्टोवाल्यांचं उत्तर ठरलेलं, 'टू द मून', म्हणजे थेट चंद्रापर्यंत. बरं, मग चंद्रापर्यंतच मोजू की. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटर लांब, 1 डॉलरची नोट साधारण 0.11 मिलिमीटर जाड, म्हणजे नोटेवर नोट रचत गेलो तर चंद्राला टेकायला साडेतीन लाख कोटी नोटा लागतात.

आता एका कॉइनचा भाव गुणिले एकूण कॉइन, म्हणजे मार्केट कॅप, तेवढ्या नोटांची चळत लावायची. डिसेंबर 2024 मध्ये बिटकॉइन पहिल्यांदा 1 लाख डॉलरच्या वर गेला तेव्हा कॉइन होते 2 कोटींच्या जरा आत, चळत भरते जवळपास 2,18,000 किलोमीटर, अर्ध्याहून जास्त वाट झाली की! चंद्र गाठायला भाव पावणेदोन लाख डॉलर पाहिजे. गंमत म्हणून काढलेला डोजकॉइन मात्र मे 2021 च्या उच्चांकालाही 10,000 किलोमीटरच्या आसपासच, पृथ्वीच्या व्यासाएवढासुद्धा नाही.

खरी मजा शिबा इनू या कॉइनची. आपल्याकडे कितीतरी जण 'पैशात मिळतोय, 1 रुपया झाला की आयुष्य सेट' म्हणून घेऊन बसलेत. पण कॉइन किती आहेत ते कोण बघतो? सुरुवातीला 1,000 लाख कोटी होते, त्यातले निम्मे इथेरियम हे क्रिप्टो नेटवर्क काढणाऱ्यांपैकी एक असलेल्या विटालिक ब्युटेरिनच्या वॉलेटमध्ये (कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटात) टाकलेले, त्याने मे 2021 मध्ये थोडे भारतातल्या कोविड मदतीला दिले आणि तब्बल 410 लाख कोटी अशा पत्त्यावर पाठवले जिथून कुणालाच काढता येत नाहीत, यालाच बर्न म्हणतात. एवढं करूनही उरले 589 लाख कोटी! प्रत्येकी 1 रुपया धरा, झाले 589 लाख कोटी रुपये, आणि आपल्या अख्ख्या देशाचा जीडीपी 2024-25 मध्ये होता साधारण 330 लाख कोटी. डॉलरच्या नोटांत मोजलं तर चळत चंद्रावर जाऊन जवळजवळ परत येते. भाव स्वस्त दिसतो तो निव्वळ कॉइन ढिगाने आहेत म्हणून, बाकी काही नाही.

आणि मार्केट कॅप म्हणजे कुणी तेवढे पैसे आत ओतलेत असंही नाही हं, शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तोच सगळ्या कॉइनना लावून केलेला गुणाकार आहे तो. खऱ्याखुऱ्या 1 डॉलरच्या नोटा चलनात आहेत सुमारे 1,500 कोटी, त्यांची चळत जेमतेम 1,600 किलोमीटर.