हवा विसरते, समुद्र लक्षात ठेवतो

उद्याचं कमाल तापमान ३४ अंश सांगितलं आणि प्रत्यक्षात ३५ निघालं, तर कुणी तक्रार करत नाही. पाऊस मात्र सांगितल्या जागेपासून पंधरा किलोमीटर पलीकडे पडला तरी अंदाज पार फसला म्हणून बोंब होते. ढगांच्या हिशेबात पंधरा किलोमीटर ही किरकोळ चूक आहे. पण तापमान नकाशावर सावकाश बदलत जातं आणि पाऊस रस्त्याच्या या बाजूला असतो, त्या बाजूला नसतो.

हे असं का होतं, ते ढगाच्या आत डोकावल्याशिवाय कळत नाही. ढगातला साधा थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. जमिनीवर पडणारा थेंब त्याच्या शंभरपट रुंद, म्हणजे असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले तर पावसाचा एक थेंब तयार होतो. शिवाय कोणत्याही क्षणी डोक्यावरच्या हवेत जेवढी वाफ असते, तिचं सगळं पाणी केलं तर जगाच्या सरासरीनं जेमतेम २५ मिलिमीटर भरेल. तासाभरात ६०-७० मिलिमीटर पाऊस कोसळतो तेव्हा ते पाणी तिथल्या हवेत नव्हतंच. ते भोवतालच्या वाऱ्यांनी ओढून आणलेलं असतं. वारे कुठे एकवटणार यात थोडी गफलत झाली की पाऊस भलत्याच गावाला. आणि एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख जूल उष्णता बाहेर पडते. ती हवेला आणखी वर ढकलते, त्यातून आणखी वाफेचं पाणी होतं, आणखी उष्णता सुटते. ढग असा स्वतःच स्वतःला वाढवत नेतो. अंदाजातली चूकही याच वाटेने वाढते, आणि हा भाग बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो.

संगणकावरची हवामानाची मॉडेल्स पृथ्वीभोवती चौकटींची जाळी कल्पून प्रत्येक चौकटीत वारा, दाब, तापमान, आर्द्रता यांचं गणित करतात. जागतिक मॉडेल्समध्ये आघाडीवर असलेल्या युरोपीय हवामान-अंदाज केंद्राच्या मॉडेलची चौकट सुमारे ९ किलोमीटरची आहे. गडगडाटी ढगातला वर चढणारा हवेचा झोत एक-दोन किलोमीटरचा. तो या जाळीतून सरळ निसटतो. मग त्याचा परिणाम ठोकताळ्यांनी भरून काढावा लागतो, आणि त्या ठोकताळ्यांच्या खोडी जगभर सारख्याच दिसतात: मॉडेलमधला पाऊस खऱ्यापेक्षा जास्त वेळा पडतो, पण रिमझिम पडतो; आणि उष्ण प्रदेशात जमिनीवर दुपारनंतर यायचा पाऊस मॉडेलमध्ये भर मध्यान्हीच येऊन जातो. चौकट एक-दोन किलोमीटरवर आणली की यातलं बरंच सुधारतं. मात्र चौकटीची बाजू निम्मी केली की गणित निदान आठपट वाढतं, कारण चौकटी चौपट होतात आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात.

चौकटी कितीही बारीक केल्या तरी एक भिंत उरतेच. १९६१च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर खेळण्यातलं म्हणावं असं एक छोटं हवामान चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा घातला. थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. आज वारा मोजण्यात राहिलेली बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते आणि साधारण दोन आठवड्यांनंतर अंदाज आणि अंदाधुंद तर्क यांत फरक राहत नाही. सुरुवातीची मोजमापं आणि मॉडेल्स सुधारत गेल्यामुळे गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांत अंदाजाचा पल्ला सुमारे एक दिवसाने वाढला, म्हणजे आजचा सहा दिवसांचा अंदाज दहा वर्षांपूर्वीच्या पाच दिवसांच्या अंदाजाइतका चांगला. मला विचाराल तर विज्ञानातल्या मोठ्या यशांपैकी हे एक, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. पण दोन आठवड्यांची ती भिंत जागची हललेली नाही.

मग कुणी तीन महिन्यांनंतरच्या पावसाबद्दल बोलतो ते कशाच्या जोरावर?

समुद्राच्या. हवा विसराळू आहे. समुद्राचं तसं नाही. समुद्राचा वरचा अवघा अडीच मीटरचा थर साऱ्या वातावरणाइतकी उष्णता सामावू शकतो. तो तापायला वेळ लागतो आणि निवायलाही. एखाद्या महासागराचा मोठा पट्टा नेहमीपेक्षा दोन अंश गरम असेल तर तो पुढचे काही महिने गरमच राहण्याची शक्यता मोठी, आणि तेवढे महिने तो वरच्या हवेला एकाच दिशेने ढोसत राहतो. त्यामुळे कोणत्या तारखेला पाऊस पडेल हे कळत नाही, कल मात्र कळतो. कवडी एका अंगाला जड केली तर पुढचं दान कोणतं पडेल हे सांगता येत नाही, शंभर दानांत काय जास्त पडेल हे सांगता येतं. हवामानातल्या चढउतारांवरचं सगळं संशोधन म्हणजे कुणाला काय किती दिवस आठवतं याचाच शोध.

हा शोध सुरू झाला तेव्हा समुद्राचं नावही त्यात नव्हतं. १८७७च्या दुष्काळानंतर भारतातल्या पावसाचा अंदाज आधी बांधायची निकड सरकारला वाटू लागली होती. १९०४ साली इथल्या वेधशाळांची सूत्रं हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. बूमरँगच्या उड्डाणावर अभ्यास केल्यामुळे त्यांना ‘बूमरँग वॉकर’ असंच म्हणत. त्यांनी कारकुनांची फौज बसवून जगभरच्या नोंदींची एकमेकींशी तुलना करून घेतली, सगळी हाताने. त्यातून प्रशांत महासागरातला एक झोका दिसला: पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की पश्चिमेला तो घटतो, आणि उलट. १९२४ साली वॉकर यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ नाव दिलं. झोका खरा होता, पण त्यावर बेतलेली अंदाजाची समीकरणं पुढे टिकली नाहीत. दोन आकडे सोबत हलतात एवढंच ठाऊक असून भागत नाही, ते का हलतात हे कळावं लागतं, नाहीतर सोबत सुटली तरी पत्ता लागत नाही.

ते ‘का’ मिळायला १९६९ उजाडलं. पेरूचे मच्छीमार नाताळच्या सुमारास येणाऱ्या ज्या गरम पाण्याला एल निन्यो म्हणत, ते पाणी आणि वॉकरचा झोका ही एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत, हे हवामानशास्त्रज्ञ जेकब बियर्कनेस यांनी मांडलं. विषुववृत्तावरचे पूर्वेकडून येणारे वारे गरम पाणी पश्चिमेला लोटून ठेवतात. वारे मंदावले की ते पाणी पूर्वेकडे परततं, त्यामुळे पूर्व-पश्चिम तापमानातला फरक घटतो आणि वारे आणखी मंदावतात. गरम पाणी सरकलं की त्यावरचे पावसाचे ढगही सरकतात, आणि अर्ध्या जगाचा पाऊस जागा बदलतो.

कारण कळलं म्हणून वेळेवर दिसेलच असं नाही. १९८२ साली मेक्सिकोतला एल चिचोन ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आणि गंधकाचे कण वर पसरले आणि उपग्रहांना खालचा समुद्र होता त्यापेक्षा थंड दिसू लागला. शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निन्योंपैकी एक डोळ्यांदेखत वाढत होता आणि तो बराच पुढे जाईपर्यंत ओळखूच आला नाही. या फजितीनंतर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना सुमारे ७० बोये नांगरून ठेवले गेले. ते ५०० मीटर खोलीपर्यंतचं तापमान मोजून उपग्रहामार्फत कळवत. ही रांग १९९४ साली पूर्ण झाली. दरम्यान १९८६ साली मार्क केन आणि स्टीफन झेबियाक यांनी समुद्र आणि हवा एकत्र जोडलेलं एक साधं मॉडेल चालवून एल निन्योचा अंदाज आधीच छापून टाकला होता, आणि तो खराही ठरला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. १९९७चा एल निन्यो प्रचंड होता, इंडोनेशिया होरपळून निघाला, पेरूत पूर आले. भारतात मात्र मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली एल निन्यो मध्यम होता, अंदाज सामान्य पावसाचा होता, आणि पाऊस सुमारे १९ टक्क्यांनी कमी पडला. म्हणजे लक्षात ठेवणारा समुद्र एकच नव्हे. १९९९ साली हिंदी महासागराचाही असाच पूर्व-पश्चिम झोका दाखवून दिला गेला. त्याची पश्चिम बाजू १९९७ साली चांगलीच तापलेली होती, आणि प्रशांत महासागराचा धक्का तिने पुष्कळसा झेलला असं अनेक संशोधक मानतात. एल निन्योत नेमका कोणता भाग तापतो, मधला की पूर्वेकडचा, यावरही भारतात काय घडतं ते ठरतं.

२००२मध्ये आणखी एक धडा होता. त्या हंगामाला बुडवलं ते प्रामुख्याने जुलैने. त्या महिन्यात देशभरात जेमतेम निम्मा पाऊस झाला. हंगामाचा कल कितीही अचूक सांगितला तरी असा कोरडा महिना त्यात दिसत नाही, आणि दोन आठवड्यांच्या अंदाजात तो फार उशिरा दिसतो. दोहोंच्या मधली ही पोकळी, तिसरा ते सहावा आठवडा, हे आज संशोधनाचं सर्वांत गजबजलेलं मैदान आहे. तिथला मुख्य आधार १९७१ साली रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांना प्रशांत महासागरातल्या एका बेटाच्या दहा वर्षांच्या नोंदींत सापडला: ढगांचा एक प्रचंड जथा विषुववृत्तालगत सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने पूर्वेकडे चालत जातो आणि ३० ते ६० दिवसांत फेरी पुरी करतो. तो डोक्यावर असताना पाऊस जोर धरतो, पुढे गेला की उघडीप. चांगली मॉडेल्स आता त्याचा मागोवा तीन-चार आठवडे आधीपासून ठेवतात. इंडोनेशियाची बेटं ओलांडताना मात्र हा जथा मॉडेल्समध्ये खऱ्यापेक्षा जास्त वेळा विरून जातो. डोंगर, किनारे, दुपारच्या स्थानिक सरी यांच्या गर्दीत मॉडेल त्याला हरवून बसतं.

या सगळ्यातून एकच आकडा देण्याची सवय सुटत गेली. १९९२पासून मोठी केंद्रं सुरुवातीची स्थिती जराजरा बदलून तेच मॉडेल पुनःपुन्हा चालवतात. युरोपीय केंद्र एकावेळी ५१ अंदाज काढतं. त्यातल्या ३५ मध्ये पाऊस असेल तर शक्यता साधारण ७० टक्के. असा अंदाज एका दिवसाने खोटा ठरत नाही. ज्या ज्या दिवशी ७० टक्के म्हटलं, त्यांतल्या दहापैकी सातच्या आसपास दिवशी पाऊस झाला का, एवढंच विचारायचं. उरलेल्या तीन कोरड्या दिवशी शिव्या खायच्या, तो नोकरीचा भाग.

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेने यात उडी घेतली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेलं ग्राफकास्ट दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढतं, आणि वारा-दाब-तापमानात मुरलेल्या मॉडेल्सना बहुतेक कसोट्यांवर मागे टाकतं. पावसापाशी मात्र जुनं दुखणं डोकं वर काढतं. चूक कमीत कमी ठेवायला शिकवलेलं यंत्र धूर्तपणे वागतं: मुसळधार सर चुकीच्या जागी दाखवली तर तिथेही मार आणि खऱ्या जागीही मार, त्यापेक्षा सगळीकडे थोडाथोडा पाऊस पसरून द्यावा. सरासरी गुण चांगले मिळतात, आणि ज्यासाठी अंदाज हवा होता तो जोराचा पाऊसच नकाशावरून पुसला जातो. एक अंदाज देण्याऐवजी अनेक शक्यता रेखाटणारी नवी यंत्रं यातून वाट काढू पाहत आहेत. शिकायला खरा पाऊस तरी किती आहे, हाही प्रश्नच. जगातली सगळी पर्जन्यमापकं एकाला एक लावून ठेवली तर त्यांची तोंडं फुटबॉलचं अर्धं मैदानही भरत नाहीत. १९९७पासून उपग्रहांवरच्या रडारनी ही उणीव बरीच भरली, पण २५-३० वर्षांच्या नोंदींत बलाढ्य एल निन्यो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात.

आणि त्या नोंदी ज्या समुद्राच्या आहेत तो समुद्रच बदलतो आहे. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. जगाचा एकूण पाऊस मात्र अंशामागे दोन-तीन टक्केच वाढतो. हिशेब जुळवायचा तर पडेल तेव्हा जोराने पडायचं आणि मधले कोरडे दिवस वाढवायचे. एल निन्यो ओळखायची पट्टीसुद्धा घसरते आहे. समुद्र नेहमीपेक्षा किती गरम, यावर ती चालते, आणि ‘नेहमी’ वर सरकतं आहे. जुनी सरासरी धरली तर हळूहळू दर दुसरं वर्ष एल निन्योचं वाटू लागेल, म्हणून अमेरिकेची हवामान संस्था ती तीस वर्षांची सरासरी दर पाच वर्षांनी नव्याने काढू लागली.